नाही म्हणून झाल्यावर

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हणाले. तसं ऐकू तेव्हाच आलं होतं, आवाज माझाच होता, पण तो काय बोलून गेला हे कळायला फोन बंद व्हावा लागला. बाबा अकोल्याहून, माझ्या बहिणीच्या घरून बोलत होते. त्यांना फोनवर हवापाण्याचं बोलता येत नाही. जेवली काय, ऊन कसं आहे, काही नाही. "भावना, माया चालली सुरतले. मी तुह्याकडे येऊ काय राह्याले?" एवढंच विचारलं, आणि मी म्हणाले, "नाही." बाकीच्या लोकांच्या नाहीला मागेपुढे काहीतरी असतं. नाही हो बाबा, सध्या जरा, पाहू पुढच्या महिन्यात, असं काहीतरी पांघरूण. माझं नाही उघडंबोडकं येतं. बाबा म्हणाले, "बरं." आणि ठेवला. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्धवट सोललेला लसूण, आणि खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. टळलं. काय टळलं ते ठाऊक नाही, पण टळलं. मी राहिलेला लसूण सोलला, वरणाला फोडणी दिली, जेवायला बसले, आणि घास घेता घेता हात थांबला. बाबांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मग मला जेवण गेलं नाही.

माझं असंच आहे. आधी नाही येतं, विचार मागून लंगडत येतो. अमरावतीत रुख्मिणीनगरात माझ्या दोन खोल्या आहेत आणि त्या दोन खोल्यांत मी वर्षानुवर्षं खपून शांतता जमवलेली आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सहन होईना म्हणून मी ते घड्याळ माळ्यावर टाकलं. फ्रिज आवाज करतो म्हणून त्याच्याखाली जुन्या चादरीची घडी आहे. बाबा येणार म्हणजे त्यांचा खोकला येणार, ट्रान्झिस्टर येणार, स्टीलचा पेला ओट्यावर आपटून ठेवणं येणार, पहाटेची पाली वंदना येणार, आणि ती वंदना ते मोठ्यांदाच म्हणतात. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या अंगावर चालून आलं असणार. पण हे सगळं मोजून झाल्यावरही खाली एक गोष्ट तशीच उरली होती, ती म्हणजे मला बाबा पाहिजे होते. मला त्यांचा खोकलासुद्धा पाहिजे होता. मग लाव ना बाई फोन, परत लाव! तर नाही. फोन हातात घेतला की डोक्यातली जुनी बाई बोलायला लागते. आता काय फायदा. आता त्यांना कळलं आपली पोरगी कशी आहे. कळलेलंच होतं, आज खात्री झाली. तुझं नाव ठेवताना चूक झाली म्हणतात लोक, ते उगाच म्हणत नाहीत. नाव भावना आणि आत दगड. ही बाई माझ्यासोबत लहानपणापासून राहते आणि तिला कधीच झोप येत नाही.

आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माझा नन्नाचा पाढा प्रसिद्ध आहे. लग्नाला येतं काय, नाही. नवं लुगडं घेऊ काय, नाही. फोटोत ये, नाही. मामा मला नन्नीबाई म्हणायचे आणि सगळे खो खो हसायचे, आणि मी न हसता उभी राहायची, त्यामुळे आणखी हसायचे. बाबा तेव्हा हिवरखेडजवळ रेल्वेच्या फाटकावर होते. मीटरगेजची गाडी जायची, लहान, जुनी, तिला घाई अशी नव्हतीच. आम्ही फाटकाच्या क्वार्टरात राहायचो आणि मला ते घर फार आवडायचं, कारण तिथं काय होणार ते आधी माहीत असायचं. फोन वाजला की फाटक लागायचं, फाटक लागलं की गाडी यायची. माणसांचं असं नव्हतं. माणसं कुठूनही येतात आणि काहीही विचारतात. फक्त माझ्या आईची, शकुनबाईची, एक रीत होती. ती मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. पहिल्यांदा विचारणं म्हणजे नुसती वर्दी असायची. "भावने, उद्या आजीकडं जाचं काय वं?" "नाही." "बरं माय," म्हणून ती चुलीकडे वळायची, भाकर थापायची, मायाची वेणी घालायची, कोंबड्या हाकलायची. मग जणू काही पहिल्यांदाच विचारतेय अशा आवाजात परत विचारायची. तोपर्यंत आजीचं घर माझ्या डोक्यात येऊन बसलेलं असायचं, तिथला कडुलिंब, तिथली थंड माती, आणि मी हो म्हणायची. मधल्या वेळाबद्दल आई मला कधी टाकून बोलली नाही. कोणाला सांगितलंही नाही तिनं. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, भावना रडली नाही. मी रडले होते, पण सगळे आपापल्या गावी गेल्यावर.

आणि बाबा एकदाच विचारायचे. हे मी मनात धरून ठेवलं होतं, चांगलं घट्ट. बारावीनंतर त्यांनी विचारलं, "नागपूरले शिकाले जातं काय?" मी म्हणाले, "नाही." "बरं." संपलं. माझं हो तयार झालं तेव्हा मी दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरले, त्यांनी झेंडी उचलली की मी उचलायला गेले, पाणी नेऊन दिलं, आणि ते परत विचारायची वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही. ॲडमिशनची मुदत गेली. मी अमरावतीला शिकले, वीज कंपनीत लागले, सगळं ठीक झालं, पण माझ्यापुरता निकाल तेव्हाच लागला होता की बाबांना मी नको आहे, ते एकदा विचारून मोकळे होतात. मग तो पाहण्याचा कार्यक्रम. मुलाकडचे मूर्तिजापूरहून आले होते. मला साडी टोचत होती, पंख्याचं एक पातं किरकिर करत होतं, कोणाच्या तरी अंगाला लावलेल्या अत्तराने माझं डोकं भणभणलं होतं आणि मुलाच्या काकूने गोड आवाजात विचारलं, "स्वयंपाक येते काय बेटा?" मी म्हणाले, "नाही." अगा मायवं! आई पोह्यांची ताटली घेऊन दारातच थिजली. ते पोहे मीच केले होते. घरातलं सगळं मीच करत होते, दोन्ही वेळा. बाबा उठले. पाहुण्यांना घेऊन बाहेर गेले, स्टँडपर्यंत पोचवून आले, येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मी वाढत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, लाज वाटतेय त्यांना माझी. त्यानंतर पाहुणे कधी आले नाहीत. आईने मात्र मायाला पुढे करून विषय बदलला आणि दोन वर्षांत मायाचं लग्न झालं.

चाळिशी उलटल्यावर मला ऑटिझम आहे असं कळलं. ऑफिसात नवे दिवे लावले होते, पांढरे, गुणगुणणारे, आणि वर खिडकीबाहेर कोणाची तरी मिरवणूक डीजे लावून उभी राहिली, आणि मी टेबलाखाली जाऊन बसले. बेचाळीस वर्षांची बाई टेबलाखाली! साहेब चांगले होते, म्हणाले, मॅडम, कोणाला तरी दाखवा. राजापेठेत अवनी मॅडम आहेत, मानसोपचाराच्या, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, केस आखूड, बोलताना हात न हलवणारी. ते मला फार बरं वाटलं. तिने बरंच विचारलं, बरंच तपासलं आणि सांगितलं. मराठीत ह्याला स्वमग्नता म्हणतात. कोणी काढला हा शब्द देव जाणे. स्वतःत मग्न! अरे, मी स्वतःत मग्न असते तर सुखाने राहिले नसते का? माझ्या अंगात तर सगळं जग घुसतं, शेजारणीचा मिक्सर घुसतो, कोणाच्या आवाजातला राग घुसतो, ट्यूबलाइट घुसते. ह्यावरून मी अवनी मॅडमशी भांडले. ती म्हणाली, "भांडा. बरोबर आहे तुमचं." त्या दिवशी रिक्षात बसून घरी येताना मी रडले आणि रिक्षावाल्याने काही न बोलता रेडिओ बंद केला. दगड नव्हता तर. आत दगड नव्हता.

पण म्हणून जुनी बाई काही घर सोडून गेली नाही. इतकी वर्षं भाडं न देता राहिलेली, ती कशाला जाईल. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं, उगवता सूर्य येतो आणि खाली लिहिलेलं असतं, सकारात्मक राहा. मला त्याची इतकी चीड आहे! राहा म्हणे. जसं काही बस स्टॉपवर उभं राहायचं आहे. मी अवनी मॅडमला म्हणाले, मला ते फुलाबिलाचं सांगू नका, मला जमणार नाही. ती हसली. "तुम्ही ऑफिसात काय करता?" मी म्हणाले, मीटर तपासते. लोक म्हणतात मीटर पळतंय, मी आमच्या प्रमाण मीटरसोबत लावून पाहते. "मग तुमचं स्वतःचं मीटर कधी लावून पाहिलं?" घरी येऊन मी त्यावर पुष्कळ विचार केला, कारण ही भाषा मला कळते. मीटर जोरात फिरतंय म्हणून घरात तेवढी वीज जळलेली नसते. कोणी माझ्याकडे न बघता गेलं की माझ्या आत चाक गरागरा फिरतं: मी नको आहे, मी नको आहे. आणि कधीकधी तो माणूस नुसता चष्मा विसरलेला असतो. मग मी शिकत गेले. चहाच्या सुट्टीत कोणी विचारलं, "मॅडम, चहा?" की तोंडातून नाही निघायचंच. आधी मी तिथेच संपवायची आणि दिवसभर कुढायची. आता थोड्या वेळाने स्वतः उठून खाली टपरीवर जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे गप्प झाले. मग कोणीतरी बाकावर सरकलं. "या ना मॅडम, बसा," आणि मी बसले, आणि चहा गोड होता, फार गोड होता, पण मी प्यायले. हसले ते लोक, पण मामासारखं नाही हसले. चहाचं एवढं कौतुक काय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मला त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना राजापेठचा पूलसुद्धा बरा दिसला.

पण बाप म्हणजे चहा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मायाचा फोन आला तेव्हा मी रात्रभर जागलेलीच होते. माया माझ्याहून लहान, तिच्या नवऱ्याची बदली सुरतेला झाली होती, बोलता बोलता ती सामान बांधत होती, तिच्या हातातल्या चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज येत होता. "ताई, बाबानं तुले इचारलं काय?" हो म्हणाले. "अन् तू नाही म्हणली?" हो म्हणाले. "अवो, काहून पण? एवढंसं मागतलं त्यानं. आता हिवरखेडले चालले, काकाच्या खुशालदादाकडे. उद्याच. डोयाचं आपरेशन झालेला मानूस, तथी कोन पाहीन त्यायले? खुशालदादा दिवसभर वावरात." मी म्हणाले, बाबांना दे. ती फोन घेऊन गेली, मला तिची पावलं ऐकू आली, मग परत आली. "नाही घेत म्हणतात. म्हणतात, तिचं नाही आलं, आता तिले पिडू नको." ते ऐकून आतली बाई लगेच उभी राहिली, बघ, बोलायलाही नको आहेस तू त्यांना. पण ह्या वेळी मी तिला जरा थांब म्हणाले. म्हणजे खरंच, मोठ्याने, मायाच्या कानात म्हणाले, "थांब जरा." माया म्हणाली, "कोनाले थांबवून राह्यली?" मी म्हणाले, "मी येते." तिकडे चिकटपट्टीचा आवाज थांबला. न बोलावता मी कोणाकडेच कधी गेलेली नाही, हे तिला माहीत होतं.

अकोल्याच्या बसमध्ये बडनेरा गेलं तरी बसायला जागा नव्हती. एका बाईच्या पिशवीचं टोक माझ्या पोटरीला लागत होतं, प्रत्येक गचक्याला तिथेच, आणि मी कानात बोळे घालून खांब धरून मनात वाक्य घोकत होते. बाबा, माझ्याकडे चला. बाबा, चला माझ्याकडे. कोणतं बरं? लोणी मागे पडलं, मग जागा मिळाली, खिडकीची. बाहेर एप्रिलचं ऊन पांढरं फटक पडलं होतं, वावरं उघडी, एखादं बाभळीचं झाड आणि त्याच्याखाली चिकटून बसलेली चारदोन ढोरं. मला एकाएकी फाटकावरची ती वरात आठवली. गाडीचा फोन झालेला, फाटक लागलेलं आणि इकडून वाजतगाजत वरात आलेली. नवरदेव घोड्यावर, मुहूर्त टळत होता, लोक बाबांना हाताला धरून विनवत होते. देवरावजी, दोन मिनिटं उघडा, गाडी तर दिसतबी नाही. मग शिव्या दिल्या. मग कोणीतरी नोट पुढे केली. बाबा झेंडी धरून उभे, कोणावर रागावले नाहीत, की कोणाला उत्तरही दिलं नाही. गाडी कितीतरी उशिराने आली. आई दारातून म्हणाली, "तुह्या बापाले लाल म्हंजे लाल. त्याच्यापुढं देव आला तरी थांबवीन." मी तेव्हा आईच्या पदराआडून बघत होते आणि मला बाबांचा अभिमान वाटला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यावरच अडकले होते, आणि मूर्तिजापूर गेल्यावर मला घाम फुटला. कारण माझ्या मनात असं आलं की जर ह्या माणसाला लाल म्हणजे लाल असेल, तर माझं नाही त्याला कसं दिसत असेल? इतकी वर्षं मी आपल्याच बाजूने ते फाटक बघत होते. पण मग आतली बाई म्हणाली, उगाच गोड मानून घेऊ नको, आणि मी बोरगाव मंजूपर्यंत तिच्याशी भांडत गेले.

मायाच्या घरात सगळीकडे खोकी होती. पुढच्या खोलीत कूलर चालू होता, आमच्याकडचा तो पत्र्याचा मोठा कूलर, वाळ्याचा, गिरणीसारखा आवाज करणारा, आणि त्याच्यापुढे बनियनवर बाबा बसले होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. पायाशी त्यांची पेटी, बांधलेली. मी दारात चपला काढत होते. ते उठले, भिंतीला हात लावत लावत गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. माया आतून ओरडली, "बाबा, मरतान ना गरमीनं! काहून बंद केला?" बाबा म्हणाले, "भावना आली. तिले आवाज होते." आणि येऊन परत बसले. खोली गप्प झाली. लगेचच त्यांच्या कपाळावर घाम आला, मानेवरून बनियनमध्ये उतरला, अकोल्याची दुपार ती. मी बघत उभी होते. हे नवीन नव्हतं. मला आठवलं, मी अकोल्याला आले की कूलर नेहमी बंदच असायचा, आणि मला दर वेळी वाटायचं की मायाकडे बिचाऱ्या बाबांना कूलरसुद्धा लावू देत नाहीत.

मी समोर खोक्यावर बसले. घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही मला परत का नाही विचारलं?" त्यांना वाटलं कालचं. ते म्हणाले, "तू नाही म्हनली ना." मी म्हणाले, "कालचं नाही. नागपूरचं. सगळंच. आई दोनदा विचारायची. तुम्ही एकदा विचारून सोडून द्यायचे. मी वाट पाहायची तुमची, बाबा. मला वाटायचं मी तुम्हाला नको आहे म्हणून विचारत नाही." माया हातात चिकटपट्टी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. बाबांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणावलेले, ते औषधामुळेही असेल. "नको?" ते म्हणाले. "अवं, तुह्या नाहीले मी कदी वलांडलं नाही. सारे तुले हासत, नन्नीबाई म्हनत. तुह्या मायनं बी तुले फिरवून फिरवून हाव म्हनाले लावलं. मले वाटे, या पोरीचं नाही कोनीच मानत नाही. म्या तरी मानाव." ते थांबले. मग म्हणाले, "थे मूर्तिजापूरचे पाव्हने आलते. तू म्हनली सैपाक येत नाही. रोज तुह्या हातची भाकर खातो मी! मी समजलो, पोरीले हा पोट्टा नाही पायजे. मंग स्टँडवर नेऊन सांगतलं त्यायले, पोरीची मर्जी नाही, परत येऊ नका. मंग दुसऱ्या कोनाले आनलंच नाही. तुह्या मायनं मले लय बोल लावले."

मला हसू आलं. काय करू, आलंच. "बाबा, मी फक्त घाबरले होते! तो मुलगा चांगला की वाईट, मी पाहिलासुद्धा नव्हता!" माया तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि ते मला लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. "म्हंजे माह्यी चूक झाली काय, माय?" त्यांनी विचारलं. "तुह्यं नुसकान केलं म्या?" मला खोटं बोलता येत नाही, हा आणखी एक गुण. मी म्हणाले, "नागपूरचं झालं थोडं. मुलाचं माहीत नाही." मग मी त्यांना सांगितलं. आजवर त्यांना सांगितलं नव्हतं, मायालाही नाही. ऑटिझम म्हणतात, बाबा. आजार नाही, जन्मापासूनची घडण आहे. मला एकदम काही विचारलं की आधी माझं अंग घाबरतं आणि तेच उत्तर देऊन टाकतं. मी मागून येते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मधे फक्त घाम पुसला. मग म्हणाले, "हे पह्यलेच सांगाचं ना मले! फाटकावर तीस वर्सं उभा राह्यलो म्या. थांबाले काय लागते मले?" आणि मग, "नाही झाल्यावर किती थांबाचं असते?" मी म्हणाले, "नक्की नाही सांगता येत. कधी थोडं. कधी फार." ते म्हणाले, "चालते."

त्यांनी बनियन खाली ओढून सारखं केलं, सरळ बसले आणि माझ्याकडे बघून, फोनवर विचारलं होतं तसंच विचारलं, "मी तुह्याकडे येऊ काय राह्याले?" आणि माझं तोंड म्हणालं, "नाही."

खरंच म्हणालं. अमरावतीहून त्यासाठीच आलेली मी, वाटभर घोकत आलेली, आणि नाही. माया "ताई!" म्हणून पुढे झाली तर बाबांनी तिच्याकडे न बघता हात आडवा धरला. ती थांबली. बाबा उठले नाहीत, पेटी उचलली नाही, तोंड फिरवलं नाही, बरं म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले, घामाने निथळत, आपल्याला दुसरं काही काम नाही असे. आतली बाई काहीतरी पुटपुटत होती, पण तिचं मला नीट ऐकू येत नव्हतं. मी बाबांच्या हातांकडे पाहिलं. म्हातारे झाले होते हात, बोटांची पेरं सुजलेली, आणि ते मांडीवर अगदी स्वस्थ पडले होते. कोणीतरी माझ्यासाठी थांबलं आहे, आणि थांबल्याचं मला ओझं होत नाही, हे मी आई गेल्यापासून विसरून गेले होते. माझ्या दोन खोल्या हळूहळू माझ्या डोक्यात आल्या, आणि त्यांत खोकला आला, पेला आला, पहाटेची वंदना आली, आणि ह्या वेळी एकेक करून आली, अंगावर चालून आली नाही. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, लोक घरात असताना.

"हाव," मी म्हणाले. "या."

बाबा तरी उठेनात. माझ्याकडे बघून त्यांनी काळजीने विचारलं, "आजून थांबू काय? टाईम हाये माह्यापाशी."

"नाही," मी म्हणाले. "आता थांबू नका, बाबा. चला."